आधी गिऱ्हाईक ठरवा, मग कॅमेरा घ्या

प्रश्न थोडक्यात असा. सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांतल्या छोट्या दैनिकांना आणि पोर्टलांना मराठी बातम्या पुरवणारी एक लहान वृत्तसेवा आहे. बातम्यांचा मजकूर (कॉपी) रोज वेळेवर जातो, बिलं मात्र महिनोन्महिने थकतात. म्हणून आता फोटो, व्हिडिओ, पॉडकास्ट आणि स्वतःची यूट्यूब वाहिनी असा 'मल्टिमीडिया समूह' उभा करायचा विचार चालू आहे. रॉयटर्स, पीटीआय, एएनआय या मोठ्या वृत्तसंस्था (एजन्सी) मजकुरापासून सुरुवात करून इतक्या कशा वाढल्या, आणि त्या वाटेने आपल्याला जाता येईल का, असं त्यांच्या संपादकांनी विचारलं आहे.

माझी बहुतेक नोकरी मुंबईत एजन्सीच्या डेस्कवर झाली. आधी टेलिप्रिंटरचा खडखडाट, नंतर व्हिडिओ फीडची रांग, दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी प्रश्नातलं एक गृहीतक बाजूला काढतो. एजन्सी आधी मजकूर देते, मग फोटो, मग व्हिडिओ, मग वाहिनी, आणि अशा पायऱ्या चढत ती मोठी होते, असं तुम्ही धरलं आहे. तुम्ही घेतलेल्या तीन नावांपैकी एकही या जिन्याने वर गेलेलं नाही. एएनआयची सुरुवात मुळात मजकुरातून झालीच नव्हती, ती कॅमेऱ्यातून झाली. पीटीआयकडे मजकूर आणि देशभरचं जाळं असूनही व्हिडिओ सेवा यायला २०२३ उजाडलं. आणि रॉयटर्सच्या हातात कॅमेरा आला तो खिशात पैसा आल्यानंतर. तो पैसा वर्तमानपत्रांकडून आलेला नव्हता.

रॉयटर्सवर थोडा वेळ घालवतो, कारण सगळं मर्म तिथंच आहे.

पॉल ज्युलियस रॉयटरने १८५० मध्ये आखेन आणि ब्रुसेल्स या शहरांमध्ये कबुतरं उडवली, ही गोष्ट पत्रकारितेच्या वर्गात हमखास सांगतात. त्या कबुतरांबरोबर काय जायचं, हे फारसं कुणी विचारत नाही. जायचे ते बाजारभाव. दोन शहरांमधली तार जोडायची राहिली होती, तेवढी फट त्याने कबुतरांनी भरून काढली. तार जोडली गेली तसा तो धंदा संपला आणि १८५१ मध्ये तो लंडनला, रॉयल एक्स्चेंजच्या दाराशी येऊन बसला. तिथेही त्याची पहिली गिऱ्हाइकं म्हणजे दलाल आणि व्यापारी. लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्याच्या तारा विकत घ्यायला १८५८ साल उजाडावं लागलं. जगातली सर्वांत नावाजलेली वृत्तसंस्था पहिली सात वर्षं वर्तमानपत्रांशिवाय जगली, ही गोष्ट तुमच्यासारख्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे.

१८६६ मध्ये हेन्री कॉलिन्स नावाचा त्यांचा माणूस मुंबईत उतरला आणि रॉयटर्सचं पूर्वेकडचं पहिलं ऑफिस त्याने उघडलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध आदल्या वर्षी संपलं होतं, कापसाचे भाव कोसळले होते, शेअरच्या सट्ट्यात मुंबईतले भलेभले बुडाले होते. लिव्हरपूलचा भाव शेजाऱ्याच्या आधी कळणं म्हणजे काय, हे इथल्या व्यापाऱ्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढे या कंपनीने बरेच उद्योग केले. खासगी तारा पोचवल्या, जाहिरातीच्या धंद्यात हात घातला, आणि १९१३ मध्ये चक्क बँक काढली. पहिलं महायुद्ध सुरू झालं, बँक गोत्यात आली आणि तिच्यापायी कंपनीही. 'समूह' व्हायची घाई ही काही आजची गोष्ट नाही.

नंतर मालकी ब्रिटिश वर्तमानपत्रांकडे गेली. १९४१ मध्ये ट्रस्टची तत्त्वं ठरली, बातमीच्या स्वातंत्र्याची हमी लिहिली गेली, ते उत्तमच झालं. १९४९ ते १९५३ या काळात आपली पीटीआयसुद्धा रॉयटर्समध्ये भागीदार होती, हे आज फार थोड्यांना आठवतं. पण हिशेबाच्या बाजूने पाहिलं तर हा काळ चणचणीचा. मालकही तेच आणि गिऱ्हाईकही तेच असलं की दर वाढवायचा ठराव बैठकीत मांडणार कोण? नाव जगभर आणि तिजोरी बेताची, असं दोन दशकं चाललं.

ते बदललं ते पुन्हा बाजारामुळे. १९६४ पासून रॉयटर्सने स्टॉकमास्टर नावाच्या यंत्रावर शेअरचे भाव द्यायला सुरुवात केली. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, चलनांचे दर रोज, मग तासाला, मग मिनिटाला हलू लागले. १९७३ मध्ये रॉयटर्सने 'मॉनिटर' आणला. बँकांनी आपले दर पडद्यावर टाकायचे, दुसऱ्या बँकांचे बघायचे, आणि दोन्हीचे पैसे रॉयटर्सला द्यायचे. इतका सुबक धंदा वृत्तव्यवसायात नंतर कुणाला जमला असेल तर तो ब्लूमबर्गला, आणि त्याने तर उलट्या बाजूने सुरुवात केली: १९८१ मध्ये आधी टर्मिनलची, म्हणजे बाजारभाव दाखवणाऱ्या भाड्याच्या यंत्रांची कंपनी, १९९० मध्ये बातमी, त्यानंतर रेडिओ आणि टीव्ही. तिथली वाहिनी आणि नियतकालिक आजही टर्मिनलच्या भाड्यावर उभी आहेत.

१९८४ मध्ये रॉयटर्सचे शेअर बाजारात आले. आणि आता तारखा बघा. त्याच सुमाराला त्यांनी अमेरिकेच्या यूपीआय (युनायटेड प्रेस इंटरनॅशनल) या वृत्तसंस्थेचा परदेशातला फोटो विभाग घेतला. १९८५ मध्ये व्हिसन्यूज या दूरचित्रवाणी एजन्सीतला बहुसंख्य हिस्सा घेतला आणि १९९२ मध्ये ती पूर्ण ताब्यात घेऊन तिचं रॉयटर्स टेलिव्हिजन केलं. म्हणजे ज्याला आपण मल्टिमीडिया म्हणतो ते सगळं आठ-दहा वर्षांत, दलालांच्या पैशातून, आणि बरंचसं तयार विकत घेऊन उभं राहिलं.

आता ज्यांनी त्यांना फोटो विभाग विकला त्या यूपीआयकडे बघा. तुमच्या मनातल्या समूहाचं चित्र खरं तर यूपीआयचं होतं. मजकूर होता, जगभरचे फोटोग्राफर होते, रेडिओसाठी आवाज होता, टीव्ही फिल्ममध्ये भागीदारी होती, आणि हे सगळं रॉयटर्सच्या आधी होतं. गिऱ्हाईक मात्र मुख्यतः अमेरिकन वर्तमानपत्रं. संध्याकाळची वर्तमानपत्रं एकामागून एक बंद पडत गेली आणि यूपीआयचा पाया खचला. १९८२ मध्ये स्क्रिप्स कंपनीने ती नाममात्र एका डॉलरला देऊन टाकली, १९८५ मध्ये दिवाळखोरी. माध्यमं चार असून पैसे देणारा एकाच जातीचा असेल तर काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

रॉयटर्सची आजची स्थिती दोन वाक्यांत सांगतो. २००८ मध्ये ती थॉमसन कंपनीत गेली, आणि आता त्या मोठ्या कंपनीच्या उत्पन्नात बातमीचा वाटा सुमारे दहावा आहे. बाकीचा पैसा वकील, करसल्लागार आणि कंपन्यांना सॉफ्टवेअर विकून येतो. २०१८ मध्ये बाजारभावाचा धंदा 'रिफिनिटिव्ह' म्हणून वेगळा निघाला, पण त्याने ३० वर्षं, दरवर्षी किमान ३२.५ कोटी डॉलर देऊन रॉयटर्सच्या बातम्या घ्यायच्या असा करार झाला.

या कराराचं एक शेपूट तुमच्या यूट्यूब वाहिनीच्या प्रश्नाला थेट भिडतं. एप्रिल २०२१ मध्ये रॉयटर्सने जाहीर केलं की आता संकेतस्थळावर वाचकांकडून महिन्याला ३४.९९ डॉलर घेणार. महिनाभरात ते पुढे ढकलावं लागलं, कारण रिफिनिटिव्हने हरकत घेतली की असं थेट विकणं कराराला धरून नाही. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये, आठवड्याला एक डॉलर इतक्या दराने, ती वर्गणी सुरू झाली. घाऊक माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या समोर दुकान थाटलं की तो गप्प बसत नाही, मग तुम्ही रॉयटर्स का असेनात.

हा धडा मुंबईने नव्वद वर्षांपूर्वी घेतलेला आहे. स्वामिनाथन सदानंद यांनी १९२० च्या दशकात फ्री प्रेस ऑफ इंडिया ही वृत्तसंस्था काढली. रॉयटर्स आणि तिच्या छायेतली असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया यांच्या सरकारी चष्म्याला पर्याय म्हणून राष्ट्रीय बाण्याच्या बातम्या द्यायच्या, हा हेतू. सरकारचा दबाव वाढला, वर्तमानपत्रांवर सरकारकडे जामिनाची रक्कम भरावी लागण्याची टांगती तलवार आली, ग्राहक बिचकले. तेव्हा १९३० च्या सुमाराला सदानंदांनी आपल्याच बातम्या छापायला फ्री प्रेस जर्नल काढलं, पुढे त्याच घरातून मराठी 'नवशक्ती' आलं, मद्रासचं इंडियन एक्स्प्रेसही काही काळ त्यांच्याकडे होतं. माणूस धाडसी, दृष्टीही मोठी. पण एजन्सीच्या बातम्या विकत घेणाऱ्या संपादकांना आता तिचा मालक प्रतिस्पर्धी दिसू लागला. सरकारचा फास एका बाजूने आणि ही शंका दुसऱ्या बाजूने, यात १९३० च्या दशकाच्या मध्यावर एजन्सी मिटली. वर्तमानपत्रं राहिली. (आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे या दोघांनीही पुढे याच फ्री प्रेस जर्नलमध्ये व्यंगचित्रं काढली, हे जाता जाता.)

सदानंदांची चूक झाली असं मी म्हणणार नाही. त्यांना छापायचं होतं, राज्य उलथवायचं होतं, नफ्याचा ताळा हा त्यांचा विषय नव्हता. तुमचा विषय तो आहे.

हेच सदानंद पुढे पीटीआयच्या प्रवर्तकांत होते. पीटीआयची नोंदणी २७ ऑगस्ट १९४७ ला मद्रासमध्ये झाली आणि १ फेब्रुवारी १९४९ पासून तिने रॉयटर्सकडून असोसिएटेड प्रेस ऑफ इंडियाचं काम हाती घेतलं. मालकी वर्तमानपत्रांची, नफा वाटून घ्यायचा नाही, असा सहकारी थाट. महाराष्ट्रात सहकार कसा चालतो हे तुम्हाला मी सांगायला नको. ऊस घालणारा आणि संचालक एकच असला की काय फायदे आणि काय अडचणी, ते सगळं इथे लागू पडतं. फायदा असा की बातमी कुणा एका शेटजीच्या लहरीवर राहिली नाही, आणि त्या बळावर पीटीआय टिकली. आणीबाणीत, १९७६ मध्ये, पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चौघींना एकत्र कोंबून 'समाचार' नावाची एकच संस्था केली गेली, ती १९७८ मध्ये पुन्हा सुटी झाली. या चौघींतली हिंदुस्थान समाचार १९४८ मध्ये मुंबईतच, दादासाहेब आपटे यांनी भारतीय भाषांसाठी सुरू केली होती.

अडचण अशी की वर्तमानपत्रांना स्वतःच्या एजन्सीने लोकांपर्यंत थेट जावं, असं वाटण्याचं काही कारण नव्हतं. पीटीआयने १९८६ मध्ये टीव्हीचा विभाग काढून पाहिला, त्याच वर्षी हिंदीतली 'भाषा' सेवा सुरू केली. भाषा रुजली, टीव्ही रुजला नाही. खासगी वाहिन्यांचा पूर आला ती सगळी वर्षं पीटीआयकडे विकायला हलतं चित्र नव्हतं. २०२३ च्या फेब्रुवारीत व्हिडिओ सेवा आली तेव्हा बाजार दुसऱ्याने व्यापून झाला होता. याच काळात सरकारी गिऱ्हाइकाचा भरवसा किती, तेही दिसलं: २०२० मध्ये चीनच्या राजदूतांच्या मुलाखतीवरून प्रसार भारती नाराज झाली, आणि त्याच वर्षी तिने पीटीआयची वर्गणी बंद करायचा निर्णय घेतला. यूएनआयची अवस्था त्याहून वाईट झाली. १९६१ पासून चालणारी ही संस्था २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि शेवटी स्टेट्समन या वर्तमानपत्राने ती घेतली.

बाजार व्यापला तो एएनआयने. प्रेम प्रकाश हे मुळात व्हिसन्यूजसाठी युद्धं आणि दंगली टिपणारे कॅमेरामन. १९७१ मध्ये त्यांनी आपली संस्था काढली तेव्हा देशात विकत घेणारी वाहिनी एकच, ती सरकारी. म्हणून गिऱ्हाईक परदेशात शोधलं. १९९३ मध्ये रॉयटर्सने हिस्सा घेतला. त्यानंतर देशात चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या, 'आज तक' २००० च्या अखेरीस, मराठीत 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा' २००७ मध्ये, 'आयबीएन लोकमत' २००८ मध्ये. प्रत्येकाला दिवसभर पडदा भरायचा, पण जिल्ह्याजिल्ह्यात कॅमेरा ठेवणं कुणालाच परवडत नाही. एक कॅमेरा पाठवायचा आणि पंचवीस वाहिन्यांना तेच फुटेज विकायचं, हे गणित एएनआयने पकडलं. पत्रकार परिषदेत टेबलावरच्या बूम माइकांच्या गर्दीत त्यांचा माइक नाही, असं दृश्य शोधून काढावं लागेल. सत्ताधाऱ्यांच्या फार जवळ असल्याची टीका त्यांच्यावर होते, आणि ज्या संस्थेचा माल सगळ्याच वाहिन्यांवर जातो तिच्याबाबत ही टीका हलक्याने घेऊ नये असं मला वाटतं. पण धंद्याची शिस्त म्हणून एक गोष्ट पाहा: इतकं फुटेज हाताशी असूनही त्यांनी चोवीस तासांची उपग्रह वाहिनी काढली नाही. गिऱ्हाइकांच्या रांगेत जाऊन उभे राहिले नाहीत.

यूट्यूबवर मात्र ते आले, आणि तिथे नवा प्रश्न उभा राहिला. मे २०२५ मध्ये काही यूट्यूबरांनी जाहीर तक्रार केली की काही सेकंदांच्या फुटेजसाठी एएनआयने कॉपीराइट स्ट्राइक लावले आणि ते काढायला मोठ्या रकमेचा परवाना घ्यायला सांगितलं. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले की वाहिनी बंद होऊ शकते, त्यामुळे यूट्यूबर घाबरतो. एएनआयची बाजू अशी की आपल्या मालकीच्या मालाचा हक्क आपण बजावतो आहोत. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. कोण बरोबर हे न्यायालय बघेल. मला यात एवढंच दिसतं की फुटेज ही मालमत्ता आहे आणि तिचे कागद ज्याच्याकडे पक्के, त्याच्याशी बाकीच्यांना बोलावं लागतं.

आता तुमच्याकडे येतो.

तुमचं आजचं गिऱ्हाईक म्हणजे छोटी दैनिकं आणि पोर्टलं. त्यांच्याकडे रोकड नाही. मजकुराचे पैसे ज्यांना देता येत नाहीत ते व्हिडिओचे कुठून देणार? त्यामुळे त्यांच्यासाठी कॅमेरा घेऊ नका. त्यांच्याकडून पैसे काढायचे असतील तर फ्रान्सच्या हावासची जुनी युक्ती आठवा. १८३५ मध्ये सुरू झालेल्या या वृत्तसंस्थेने पुढे असं ठरवलं की ज्या प्रांतीय वर्तमानपत्राला रोख देता येत नाही त्याने बातम्यांच्या बदल्यात जाहिरातीची जागा द्यावी, आणि ती जागा हावास विकेल. त्यातून हावास जाहिरातीतली बलाढ्य कंपनी झाली. १९४० मध्ये बातमीचा विभाग सरकारने घेतला, १९४४ मध्ये त्यातून एएफपी ही वृत्तसंस्था झाली, आणि जाहिरातीची हावास आजही जगभर धंदा करते आहे. तुमच्याकडे तीन जिल्ह्यांतली समजा पंधरा-वीस वर्तमानपत्रं असतील तर प्रत्येकाकडून आठवड्याला ठरावीक सेंटिमीटर जागा लेखी घ्या आणि एकगठ्ठा विका. एखाद्या सराफाला किंवा ट्रॅक्टरच्या डीलरला पंधरा ठिकाणी फोन करण्यापेक्षा एक बिल बरं वाटतं. यात धोका आहे, तोही सांगतो. जाहिरात आणणाऱ्या माणसाने बातमीच्या डेस्कवर बसायचं नाही. तालुक्याच्या वार्ताहराला जाहिरातीचं टार्गेट देऊन आपल्याकडे काय झालं ते आपण सगळे पाहतोच.

दुसरं, रॉयटर्सचं मूळ गिऱ्हाईक तुमच्या दाराशी उभं आहे. सांगलीची हळद आणि बेदाणा, कोल्हापूरचा गूळ, सोलापूरचा कांदा. 'भाव तर बाजार समिती फुकट देते' असं तुम्ही म्हणाल. भाव फुकट आहे, त्या भावामागचं कारण फुकट नाही. आज आवक किती, गाड्या कुठून आल्या, तासगावकडे पाऊस झाला का, सौदे कशामुळे थांबले, हे संध्याकाळपर्यंत थांबून कळलं तर व्यापाऱ्याला उपयोग नाही. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याच्या निर्यातबंदीची अधिसूचना काढली, दुसऱ्या दिवसापासून बंदी लागू. त्या रात्री ज्याच्या फोनवर नेमकी तारीख, अटी आणि बंदरात अडकलेल्या मालाचं काय याची चार ओळींची खात्रीशीर मराठी टीप गेली असती, त्याने वर्षाची वर्गणी हसत दिली असती. तुमच्या डेस्कवर आज हेच काम करणारी माणसं आहेत. त्यांना फक्त वेगळ्या वाचकासाठी लिहायला लावायचं आहे. कॅमेरा लागत नाही, व्हॉट्सअॅप पुरतं. पण अफवा पाठवायची नाही आणि डेस्कवरच्या कुणी त्या मालाचा व्यापार करायचा नाही, हे पहिल्या दिवशी लेखी ठरवा. एकदा जरी शंका आली तर ही सेवा संपली.

व्हिडिओ तिसऱ्या नंबरवर, आणि तोही वाहिनी म्हणून नको, कच्चं फुटेज म्हणून. मुंबईच्या वाहिन्यांना आणि राष्ट्रीय एजन्सींना तुमच्या भागातून अँकर नको आहे, निवेदनही नको. त्यांना हवं असतं ते असं: न हलणारे शॉट, नॅट साउंड म्हणजे जागेवरचा मूळ आवाज, दोन नेमक्या बाइट म्हणजे लोकांच्या बोलण्याचे छोटे तुकडे, आणि सोबत नीट डोपशीट. डोपशीट म्हणजे कुठे, कधी, कुणी शूट केलं, कोणत्या शॉटमध्ये काय आहे, बोलणाऱ्याचं पूर्ण नाव आणि हुद्दा, वापरावर काही बंधन आहे का, याचा कागद. जिल्ह्यातून येणाऱ्या फुटेजचा निम्मा भाग मी डेस्कवर असताना केवळ डोपशीट नसल्यामुळे पडून राहायचा. चित्र चांगलं असायचं, पण ते आजचं की गेल्या वर्षीचं, हे रात्री अकराला कुणी सांगू शकत नसे.

आणि गेल्या वर्षीचं फुटेज हीच पुढची कमाई. ऑगस्ट २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर आठवा. दर पावसाळ्यात आयर्विन पुलाशी कृष्णा चढायला लागली, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा इशारा पातळीला आली, की प्रत्येक वाहिनी २०१९ ची दृश्यं शोधते. ज्याच्याकडे ती तारखेनिशी, ठिकाणानिशी, मूळ फाइलसकट नीट लावून ठेवलेली आहेत त्याला दरवर्षी फोन येतो. तीच गोष्ट आषाढी वारीची, ऊसदर आंदोलनाची, चारा छावण्यांची. म्हणून पहिला खर्च कॅमेऱ्यावर करण्याआधी दोन हार्ड डिस्क, एक दूरची प्रत आणि फायलींना नाव देण्याची शिस्त यावर करा. फाइलच्या नावात तारीख, गाव, विषय. कंटाळवाणं काम आहे आणि ते रोज करायला एक नेमका माणूस लागतो.

हे सगळं कागदावर नसेल तर मात्र व्यर्थ. तुमचे वार्ताहर बहुतेक स्ट्रिंगर असणार, पगारी नोकर नाहीत. म्हणजे तुम्ही सांगून, पैसे देऊन काढवून घेतलेलं नसेल तर त्यांच्या फोटोचा आणि व्हिडिओचा कॉपीराइट आपोआप तुमचा होत नाही. तो लेखी करारानेच घ्यावा लागतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पुराचं फुटेज सहाव्या वर्षी विकायला गेलात आणि मूळ मुलाने हात वर केला, तर चूक तुमची. करारात मुदत, प्रदेश, कोणकोणत्या माध्यमांत वापर, आणि पुनर्विक्रीत त्याचा वाटा किती हे लिहा. वाटा द्याच. पुनर्विक्रीचे चार पैसे मिळायला लागले की तोच मुलगा डोपशीट न सांगता भरतो.

त्याच करारात आणखी एक कलम आता घालावं लागेल: हा मजकूर आणि ही चित्रं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना शिकवणीसाठी देण्याचा हक्क कुणाचा. अमेरिकेच्या असोसिएटेड प्रेसने जुलै २०२३ मध्ये ओपनएआयशी परवान्याचा करार केला. एएनआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं. तीन जिल्ह्यांची नीट तपासलेली, तारीखवार मराठी बातमी आज ना उद्या कुणीतरी विकत मागेल. तेव्हा ती तुमची आहे हे सिद्ध करता आलं पाहिजे.

फोटोबद्दल वेगळं फार सांगण्यासारखं नाही. कॅप्शन पूर्ण लिहा, मूळ फाइल ठेवा, वॉटरमार्कवर फार विसंबू नका.

पॉडकास्ट सध्या सोडून द्या. त्याचं गिऱ्हाईक कोण, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

राहिली यूट्यूब वाहिनी. ती काढायचीच असेल तर गिऱ्हाइकांना आधी सांगून काढा आणि सीमा आखून घ्या. ज्या बातमीचे पैसे वर्तमानपत्र देतं ती छापून येईपर्यंत तुमच्या वाहिनीवर जाणार नाही, असं बारा तासांचं किंवा जे जमेल ते अंतर ठेवा. वाहिनीवर त्यांच्याकडे जे नाही ते द्या: बाजार समितीतलं सौद्याचं चित्र, नदीची रोजची पातळी, ग्रामसभेचं पूर्ण चित्रण. यूट्यूबच्या जाहिरातीवर मात्र पगार धरू नका; व्ह्यूजसाठी बातमी चढी करायची सवय लागली की वाहिन्यांचा रात्रपाळीचा डेस्क तुमच्या फुटेजकडे संशयाने बघायला लागतो, आणि ते गिऱ्हाईक परत मिळत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर पहिलं वर्ष भावसेवेला आणि करारांना दिलं असतं. थकलेल्या बिलांपैकी जी दैनिकं जागा द्यायला तयार होतात त्यांच्याशी हावाससारखा व्यवहार, जी होत नाहीत त्यांची सेवा बंद. भावसेवेची वर्गणी दोन माणसांचा पगार काढायला लागली की तिसऱ्या माणसाच्या हातात कॅमेरा द्या, आणि त्याला पहिल्या पावसाळ्याच्या आधी राजाराम बंधाऱ्यावर आणि आयर्विन पुलावर नेऊन कोरड्या दिवसातले शॉटही काढून ठेवायला सांगा. पाणी चढल्यावर तुलनेला तेच कुणाकडे नसतात.